बोलती गल्ली

"ही आमची चाबी, हिले लाल चिंधी हाये. ही सुखरामची. आन् ही गिरजाबाईची, हिले काहीच नाई, म्हणूनच वळखू येते."

तुलारामने एकेक करून आठ चाव्या मालनबाईच्या ओंजळीत टाकल्या. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण मोजायची सवय काही सुटली नव्हती. चाव्या मोजल्यावर त्याने मेटाडोरमधली माणसं मोजली, मग पुन्हा चाव्या मोजल्या.

पवनीतल्या त्या नऊ घरांच्या गल्लीच्या तोंडाशी मेटाडोर धडधडत उभा होता. पुढे निळा झेंडा बांधलेला. आत पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, पोरं, भाकरीची गाठोडी, पाण्याचे डबे. दसरा आला की अख्खी गल्ली पहाटेच नागपूरला दीक्षाभूमीवर निघायची, ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायची. मागे एकच माणूस राहायचा. आजवर तो माणूस म्हणजे मालनबाईचा नवरा, बाबुलाल. यंदा ती स्वतः राहणार होती.

"अवो सुगतची माय, अजूनबी बस," गिरजाबाई आतून म्हणाली. "कुलपं हायेत ना. तुह्या नवऱ्याचं पहिलं साल हाये. एकटी कायले राहातं या रिकाम्या गल्लीत?"

"नाई जी. मी थांबते."

"सुगत वाट पाहीन तिकडं."

"त्याले फोन केला मी. तुमी निंगा. ऊन होते."

मेटाडोर निघाला. पोरांनी जयजयकार केला, बायांनी हात हलवले, आणि धूळ खाली बसेपर्यंत मालनबाई तशीच उभी राहिली. तिला नागपूरला जावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण एक गोष्ट तिच्या मनात किती वर्षं काट्यासारखी सलत होती, आणि तो काटा या रिकाम्या गल्लीतच निघाला तर निघणार होता. तेरा दसरे बाबुलाल तिच्याबरोबर आला नव्हता. दरवर्षी तुलाराम म्हणायचा, यंदा मी थांबतो, तू जा. दरवर्षी बाबुलाल मान हलवून नाही म्हणायचा. बायको पुढच्या बाजूला बसून नागपूरला जायची आणि नवरा मागे राहायचा. दीक्षाभूमीवर जोडीजोडीने फिरणारी माणसं मालनबाई पाहत राहायची. आपल्याबरोबर चार पावलं चालायची या माणसाला लाज वाटते की काय? असं काय होतं या मुक्या गल्लीत, की त्याला बायकोपेक्षा ती बरी वाटत होती?

आता विचारायला तो नव्हता. नगर परिषदेच्या पाण्याचे वॉल्व्ह उघडायचं काम तो तीस वर्षं करत होता. या उन्हाळ्यात टाकीजवळच्या वॉल्व्हची किल्ली फिरवता फिरवता छातीत कळ आली आणि तिथेच बसला तो उठलाच नाही. त्या दिवशी अर्ध्या पवनीला पाणी आलं नाही, तेव्हा लोकांना कळलं की पाणी सोडणारा एक माणूस होता.

मालनबाईने पदर खोचला आणि कामाला लागली.

बाबुलालचं रखवालीचं एक शास्त्र होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली गल्ली सगळीच्या सगळी नागपूरला गेली होती, बाबुलालसुद्धा. दारोदार कुलपं होती. परत आले तेव्हा पाच घरांची कुलपं अंगणात पडलेली. गिरजाबाईच्या पोरीच्या लग्नाची भांडी गेली, सुखरामच्या आईच्या कानातले गेले. ठाण्यातला हवालदार म्हणाला, सगळे एकदम जाता कायले, एखादा तरी ठेवत जा. त्याच दिवशी बाबुलाल म्हणाला होता, पुढून मी राहीन. आणि मग पारावर बसून तो पोरांना सांगायचा, "चोर कुलूप पाहून घाबरत नाई गा. कुलूप तोडाची चीज हाये. घर बोलतं पाहिजे. बोलत्या घरात चोर नाई जात."

घर बोलतं ठेवायचं म्हणजे काय, हे मालनबाईला ऐकून ऐकून पाठ होतं. कुलूप पुढच्या दाराला लावायचंच नाही. पुढचं दार आतून लावायचं, मागून सांदवाडीतून, म्हणजे परसातून, बाहेर यायचं आणि कुलूप तिकडच्या दाराला. सगळ्या अंगणांत सडा टाकायचा, पण एका हाताने टाकल्यासारखा दिसता कामा नये. दारात चपला ठेवायच्या, कुठे बाईच्या, कुठे पोराच्या. दोरीवर ओले कपडे टाकायचे आणि दुपारी ते उलटायचे. सुखरामकडे रेडिओ लावून द्यायचा, गिरजाबाईच्या चुलीत दोन काड्या पेटवून धूर काढायचा. आणि शेवटचं, दिवसभर घरांना हाका मारायच्या.

हे शेवटचं सोडून मालनबाईने सगळं केलं. हाका मात्र तिच्याने मारवेनात. घरात कुत्रं नाही आणि बाहेरून ओरडायचं, याची तिला शरम वाटली. एकदा तिने "गिरजाबाई" म्हणून पाहिलं, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकून आजूबाजूला पाहिलं. नाटकातल्या बायांनी करावं ते काम, आपलं नाही, असं म्हणून ती आपल्या ओसरीवर तांदूळ निवडत बसली. सुखरामच्या रेडिओचे सेल दहा वाजताच संपले. गल्ली गप्प झाली. वारा आला की दोरीवरचा एखादा सदरा हलायचा, तेवढंच.

दुपारी बाराच्या सुमाराला मोटारसायकल आली. वर दोघं. मागच्याच्या मांडीवर पिशवी.

"बाई, भांडे उजळून देतो. पितळ, चांदी, काहीबी. एक भांडं फुकट."

"नाई पाहिजे."

"यायच्या घरी विचारू का?"

"विचारू नोका. कोणाले नाई पाहिजे."

पुढच्याने गाडी बंद केली. त्याने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. चपला पाहिल्या, कपडे पाहिले. "गेले वाट्टे सगळे नागपूरले?" तो हसत म्हणाला.

मालनबाईने सूप खाली ठेवलं. "कोण म्हणते गेले? हायेत ना सगळे," ती म्हणाली, आणि मग सारा जीव गोळा करून ओरडली, "ओ तुलारामभाऊ! बाहेर या जी! भांडेवाले आले!"

दोघांनी तुलारामच्या दाराकडे पाहिलं. तुलारामने यंदा भंडाऱ्याहून नवं कुलूप आणलं होतं, चांगलं मुठीएवढं, आणि सगळ्यांना दाखवून ते पुढच्या दाराला लावलं होतं. बाकीच्यांनी सांदवाडीचं शास्त्र पाळलं होतं, तुलारामला मात्र नव्या कुलपापुढे त्याची आठवण झाली नव्हती. मालनबाईला सकाळपासून ते कुलूप दिसत होतं, पण आपण हाक मारणार नाही म्हटल्यावर तिने त्याचा विचारही केला नव्हता.

"कुलपातून येते का तुमचा तुलारामभाऊ?" मागचा म्हणाला. दोघं हसले. मागचा गाडीवरून उतरला.

मालनबाई उठून उभी राहिली. आठ घरांच्या चाव्या तिच्या कमरेला होत्या आणि त्या वाजू नयेत म्हणून तिने त्यांवर हात ठेवला. आता यांनी मला ढकललं तर मी काय करणार, सगळ्यांना सकाळी काय तोंड दाखवणार, नवऱ्याने तेरा वर्षं राखलेली गल्ली मी एका दिवसात घालवली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"काय झालं व मालनबाई?" गल्लीच्या मागच्या भिंतीवरून खणखणीत आवाज आला. "कोणाशी बोलून राहिली? आमच्या घरचे गडी जेवून राहिले, पाठवू का चौघायले?"

भिंतीपलीकडे कोष्ट्यांची गल्ली. एका ठिकाणी भिंतीच्या विटा पडल्या होत्या आणि त्या खिंडारात कौशल्याबाईचं कुंकू लावलेलं रुंद कपाळ दिसत होतं. तिच्या मागून एक माणूस जोरजोरात खाकरला. चौघे कसले, घरात तिचा नवरा मोतीलाल एकटाच होता, आणि त्यालाही मागावर बसून बसून डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. पण खाकरला मात्र चार माणसांचं खाकरला.

"भांडेवाले हायेत, बाई," पुढचा म्हणाला आणि त्याने गाडीला किक मारली. मागचा धावतच बसला. मोटारसायकल गल्लीबाहेर गेली, वळली, आवाज दूर गेला.

मालनबाई ओसरीवर बसली ती बसलीच. थोड्या वेळाने कौशल्याबाई वळसा घालून आली. हातात ताटलीत चार वडे होते, वर झाकण म्हणून पळसाचं पान.

"खा. दरसाली बाबुलालभाऊले देत होती मी. यंदा म्हटलं, तू हायेस." ती शेजारी टेकली. "तू घाबरली व भल्ली. पाणी पी."

"तुमी होत्या म्हणून निभलं."

"मी तं सकाळपासून कान देऊनच होती. म्हटलं, आज यायची गल्ली मुकी काहून हाये? बाबुलालभाऊ राहात तं दिवसभर नुसता बाजार भरल्यासारखा राहे इथी."

"मले नाई होत तसं," मालनबाई म्हणाली. "रिकाम्या घराले कोणाच्या नावानं बोलावू? लाज वाट्टे."

"लाज? अवो, त्यायले पाहाचं होतं तुवा." कौशल्याबाईने गुडघ्यावर हात मारला आणि बाबुलालसारखा आवाज जाड केला. "'का गा तुलाराम, झोपला का? ऊठ, चिलीम भरली!' मंग गिरजाबाईच्या दारात, 'माय, दूध उतून राहिलं ना!' सुखरामच्या घरासमोर तं भांडण करत. एकटेच. 'तू माहं फावडं काहून नाई आणून दिलं' म्हणून. आमी भिंतीपल्याड पोट धरून हासो. दसऱ्याले आमचे माग बंद राहातेत, पूजा राहाते ना. खटखट नाई काही नाई. तुमच्या गल्लीतली सुई पडली तं आमाले आयकू ये."

मालनबाईलाही हसू आलं. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा तो माणूस. जेवण झालं की ताट सरकवायचा, तेच त्याचं झालं म्हणणं.

"आन् तुमच्या घराले तं..." कौशल्याबाई थांबली. पदर तोंडाला लावला. "सांगू का नको?"

"आमच्या घराले काय?"

"'मालन' म्हणत."

"काय म्हणत?"

"मालन. बाई नाई, काही नाई, नुसतं मालन. 'मालन, अवो मालन, चहा मांड व.' 'मालन, बाहेर ये, पाह्य कशी हवा सुटली.' पहिल्या साली लय हळू म्हणत, चोरी केल्यासारखं. मले तं आयकूच नाई आलं. आमच्या यायची नजर गेली पण कान मोठे तिखट, हेच म्हणाले, आयक, बाबुलाल बायकोले बोलावून राहिला. मंग दर सालाले आवाज वाढत गेला. मांगच्या दसऱ्याले तं असा खणखणीत, का वेशीवर जावा. मी यायले म्हटलं, हा गडी चोराच्या भेवानं नाई थांबत जी, हा याच्यासाठीच थांबते."

कौशल्याबाई हसत होती. मालनबाई हसली नाही. तिने हातातला वडा ताटलीत ठेवला.

"काहून व? काही चुकलं का माहं?"

"नाई. मले ठाऊक नव्हतं."

"तुमच्या घरात नव्हते का म्हणत?"

मालनबाईने मान हलवली. नवऱ्याच्या तोंडून तिने आपलं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू होती, आणि सासूसमोर बायकोचं नाव घेणारा पुरुष निर्लज्ज समजला जायचा. तेव्हा "अवो" चाललं. मग सुगत झाला आणि ती सुगतची माय झाली. सासू गेली, पण तोवर जिभेला वळण पडलं होतं. शाळेत ती खिचडीवाली बाई होती, रेशनच्या दुकानात मालनबाई होती. नुसतं मालन म्हणणारा एकच माणूस होता, तिचा बाप, आणि तो जाऊन वीस वर्षं झाली होती.

"दोघं संगं गेलतो एकदा नागपूरले," ती हळूच म्हणाली. "चोरीच्याच साली."

आणि ती सांगू लागली. त्या गर्दीत बाबुलाल दहा पावलं पुढे चालत होता आणि ती मागे पडली. त्याने वळून पाहिलं तर ती नाही. मग तो ओरडू लागला, "अवो! अवो!" त्या मैदानात हजारो बाया. जिकडे तो ओरडे तिकडे पाच-पन्नास बाया वळून पाहायच्या. मालनबाईला तो आवाज ऐकू येत होता, पण हा आपलाच हे कसं ओळखायचं, सगळेच नवरे "अवो" करत होते. शेवटी संध्याकाळी त्याने लाऊडस्पीकरवाल्याच्या कानात नाव सांगितलं, आणि परक्या माणसाच्या तोंडून ते मैदानभर झालं तेव्हा दोघं भेटली. ती रडत होती, आणि रागही आला होता. तिने त्याला भर रस्त्यात सुनावलं.

"काय म्हटलं?" कौशल्याबाईने विचारलं.

"म्हटलं, मी मेली असती या गर्दीत तरी तुमच्या तोंडातून माहं नाव निंगालं नसतं. आता माह्यासंग येऊच नोका."

"मंग?"

"काहीच नाई बोलले. घरी आलो तं कुलपं तुटलेली. त्याच्यात ते राहून गेलं. मंग ते कधी आलेच नाई."

कौशल्याबाईने एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"मांगच्या साली मी वापस आली ना," मालनबाई म्हणाली, "तं दारात उभे होते. म्हणे, पुढच्या साली मी येतो तुह्यासंग. तुलाराम थांबन. मी म्हटलं, हाव, पाहू. दरसाली कोणी ना कोणी असंच म्हणे. मी ध्यानच नाई देलं."

तिने पदर डोळ्यांना लावला. कौशल्याबाईच्या डोळ्यांतही पाणी आलं. तिने आत जाऊन पाणी आणलं, मालनबाईला पाजलं, आणि मोतीलालच्या चहाची वेळ झाली म्हणून उठली. "मी भिंतीपाशीच राहाते," जाताना म्हणाली. "कोणी आलं तं नुसती खाकर."

दुपार कलली. मालनबाई उठली. तिने दोरीवरचे कपडे उलटले, गिरजाबाईच्या चुलीत काड्या पेटवल्या, आणि तुलारामच्या दाराचं ते मुठीएवढं कुलूप काढून मागच्या दाराला नेऊन लावलं. मग गल्लीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. तेरा वर्षं आपण त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं, हे आठवून तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याचाही आला. एवढं म्हणायचं होतं तर एकदा तोंडावर म्हणायचं होतं. चुकत, अडखळत म्हटलं असतं तरी तिने ऐकून घेतलं असतं.

वैनगंगेकडून गार वारा आला. दिवे लागायची वेळ झाली होती.

"का हो तुलारामभाऊ," तिने हाक मारली. आवाज बारीक निघाला. तिने घसा साफ केला. "का हो तुलारामभाऊ, दिवा नाई लावला का अजून?" आत जाऊन तिने दिवा लावला. मग सुखरामचं घर. "सुखराम, रेडिओचे सेल आणजो रे!" मग गिरजाबाई, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. लाज कधी गेली ते तिला कळलंही नाही. ती रागावली, हसली, चहा मागितला, पोरांना अभ्यासाला बसा म्हणाली. दाराआड एकेक दिवा लागत गेला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी एकदा मंद झाला आणि न थांबता पुढे गेला.

असं करत ती आपल्या दारापाशी आली.

इथे कोणाच्या नावाने हाक मारायची हे तिला सुचेना. सुगत इथे राहत नव्हता. नवऱ्याचं नाव तिनेही कधी घेतलं नव्हतं. ती बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. भिंतीपलीकडे कौशल्याबाई कान देऊन होती. माग बंद होते, आणि सगळीकडे शांत होतं.

मग मालनबाई घरात गेली. दिवा लावला. पदर डोक्यावर घेतला, चापून बसवला, आणि बाहेरच्या दाराकडे तोंड करून, वेशीपर्यंत जावं इतक्या मोठ्याने म्हणाली,

"ओ! आली जी, आली!"

आणि लगबगीने ओसरीवर येऊन उभी राहिली, हाक मारल्यावर माणूस येऊन उभं राहतं तशी.